कच्च्या बिलावरचा टीव्ही

प्रश्न : मी कराडला राहतो. सहा महिन्यांपूर्वी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून 43 इंची स्मार्ट टीव्ही 13,500 रुपयांना घेतला. ‘पक्कं बिल घेतलंत तर जीएसटी पडेल’ म्हणून दुकानदारानं चिठ्ठीवर भागवलं. आता पडदा काळा पडलाय. मेकॅनिकनं नुसत्या व्हिजिटचे 500 घेतले. म्हणतो, पॅनेल वॉरंटीत बसत नाही, नवीन 9,000 ला पडेल. दुकानदार म्हणतो, ‘स्वस्तात घेतलाय, चालायचंच.’ बिल नसताना मी काय करू शकतो?

उत्तर : बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्हीही जीएसटी वाचवायला राजी होतात, हा मुद्दा समोरचा वकील काढणारच. तेव्हा तो तक्रारीत स्वतःच सांगून टाका. खरेदीचा पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुढे करता येतं.

‘स्वस्तात घेतलाय’ हा बचाव नाही. किंमत कमी असली तरी सदोष माल तो सदोषच. टीव्हीच्या मागचं लेबल मात्र आजच बघा. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो, मालाचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था. तिच्या चिन्हासोबत ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. या आकाराचा टीव्ही त्या नोंदणीशिवाय विकताच येत नाही. क्रमांक नसला किंवा खोटा निघाला, तर तुमची बाजू खूपच भक्कम होते.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दुकानदाराला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. पुष्कळ दुकानदार इथेच नरमतात. नाही तर सातारा जिल्हा ग्राहक आयोग. पुण्याला खेटे घालायची गरज नाही, तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. 5 लाखांपर्यंत फी नाही, ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते, ती करायची मुदत 2 वर्षं. तक्रार सदोष मालाचीच ठेवा. ‘वॉरंटीची अटच अन्यायकारक’ असा करारावर हल्ला चढवलात, तर त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं.

आता खर्चाचं. दोष डोळ्यांना दिसत नसेल तर आयोग टीव्ही प्रयोगशाळेत पाठवतो आणि तिची फी आधी तुम्हाला भरायला लावू शकतो. निकाल तपासणीशिवाय 3 महिन्यांत, तपासणी असल्यास 5 महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरून चाला. साडेतेरा हजारांसाठी वकील लावू नका, हे मी वकील असून सांगतोय. तुमची बाजू तुम्हीच मांडू शकता. मागणीत टीव्हीची किंमत, व्हिजिटचे 500, भिंतीवरच्या स्टँडचे पैसे आणि मनस्तापाची भरपाई, सगळं लिहा. लिहिलं नाही ते सहसा मिळत नाही.

तोवर नवीन पॅनेल बसवू नका. मेकॅनिकनं लेखी जॉब शीट दिली नसेल तर ती मागून घ्या. आणि ‘जुनं पॅनेल मी घेऊन जातो’ म्हणाला तर अजिबात देऊ नका. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.