खाऱ्या पाण्याच्या टँकमधली मारामारी : वाचकांचे प्रश्न

चार फुटी मरिन टँकमध्ये यलो टँग हा मासा वर्षभर आहे. नवा कोल टँग सोडल्याबरोबर तो शेपटी फिरवून त्याच्या अंगावर जातो. काय करावं?

नव्याला आत्ताच वेगळा काढा. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो आणि शेपटी फिरवणं ही तो मारायची तयारी असते. शिवाय सतत पाठलाग झालेला मासा खाणं सोडतो, मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बळावतो.

नव्याला भोकं असलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवून पेटी टँकमध्येच आतून लटकवा. झाकण घट्ट हवं, टँग उडी मारतात. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) एक तुकडा पेटीत आणि एक बाहेर, अगदी त्याला लागून लावा. सुरुवातीला यलो टँग पेटीवर धडका देईल. साधारण चार ते सात दिवस लागतात, पण दिवस मोजण्यापेक्षा त्याचे पर बघा. पर न फुलवता तो शेजारी नोरी खाऊ लागला, की नव्याला सोडायला हरकत नाही. त्याआधी दिवे मालवा आणि दोन-चार दगड हलवा, म्हणजे जुन्याचा ठरलेला इलाका मोडतो. पहिले काही दिवस बाहेरून काचेला आरसा टेकवून ठेवला, तर त्याचा राग प्रतिबिंबावर निघतो.

तरीही धुमश्चक्री चालूच राहिली, तर जुन्यालाच आठवडाभर पेटीत ठेवा. हा उपाय फार कमी लोक करतात, पण चांगला लागू पडतो. मात्र दोन टँगना चार फूट जागा मुळातच तोकडी आहे. एवढं करूनही जमलं नाही, तर एक मासा परत द्यावा.

दोन ऑसेलारिस क्लाउन माशांपैकी मोठा छोट्याला ढुशा देतो, छोटा आडवा होऊन थरथरतो. वेगळे करू का?

नका करू. ते थरथरणं म्हणजे शरणागती. क्लाउन आधी नर असतात, जोडीत वरचढ ठरतो तो मादी होतो. वेगळे करून पुन्हा एकत्र आणलेत तर हा झगडा पहिल्यापासून सुरू होईल. पर फाटले, खाणं थांबलं किंवा छोटा पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात अडकून राहिला, तरच मध्ये पडा. जोडी घेताना एक मोठा आणि एक स्पष्ट लहान घ्यावा. दोन्ही पूर्ण वाढलेले असले तर दोन्ही माद्या निघू शकतात आणि मग एक जीव जातो.

टँक सायकल करायला, म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढवायला, दुकानदाराने तीन पट्ट्यांचा डॅमसेल मासा दिला. आता तो प्रत्येक नव्या माशाला मारतो.

काढून टाका, वयाबरोबर तो आणखी तापट होतो. सायकल बाटलीतल्या अमोनियानेही होते, त्यासाठी मासा लागत नाही. जाळीने पकडायला गेलात तर तो दगडात शिरेल. एक दिवस उपाशी ठेवून बरणी आडवी ठेवा, आत खाद्य टाका आणि तो आत शिरताच तोंड झाका.