दुबार की दुहेरी?

विट्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पुतण्या अमेरिकेचा नागरिक झाला, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड आहे, पण गावच्या मतदार यादीत त्याचं नाव अजून तसंच आहे. गावात त्याला 'दुबार मतदार' म्हणतात. तो म्हणतो, 'माझं दुहेरी नागरिकत्व आहे.' बरोबर कोण?

ताई, दोघांचाही शब्द चुकतो आहे.

खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला 'दुबार' शिकवावा लागत नाही. मृगात पेरलं, पावसानं ओढ दिली, उगवलेलं करपलं, की दुबार पेरणी. रान तेच, काम दुसऱ्यांदा. एकाच माणसाचं नाव विट्याच्याही यादीत आणि सांगलीच्याही यादीत असलं तर ते दुबार. पुतण्याचं नाव तर एकदाच आहे.

'दुहेरी'ची जात वेगळी. आई वाकळ शिवताना सुईत दोरा ओवून दोन्ही टोकांना मिळून एकच गाठ मारायची. टाका ओढला की दोन्ही पदर बरोबरीनं कापडातून जायचे आणि ताण दोघांवर सारखा यायचा. एकाच वेळी दोन, तेही जोडीनं, हे दुहेरी. दोन देशांचं नागरिकत्व एकदम असण्याला म्हणूनच हा शब्द नेमका बसतो. 'द्विनागरिकत्व'पेक्षा मला तो कितीतरी जवळचा वाटतो.

पण पुतण्याच्या दोऱ्याला दुसरा पदर उरलेलाच नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. गोंधळ झाला तो ओसीआयच्या नावातल्या 'सिटिझन'मुळे. त्या कार्डावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता-जाता येतं, पण मत देता येत नाही, आमदारकी-खासदारकीला उभं राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मत नसलेल्याला 'नागरिक' म्हणायला माझं मन घेत नाही, आणि कायदाही म्हणत नाही. म्हणून 'परदेशस्थ भारतीय नागरिक' हे भाषांतर मी टाळतो. 'मूळचा भारतीय, ओसीआय कार्डधारक' म्हणावं.

दुबईत नोकरीला असलेला, भारतीय पासपोर्टवाला 'अनिवासी भारतीय' मात्र पूर्ण नागरिक. २०११पासून त्याला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या गावी नाव नोंदवता येतं, फक्त मत द्यायला केंद्रावर स्वतः यावं लागतं. या दोघांना सरसकट 'एनआरआय' म्हणतात, तेव्हा एकाचा हक्क झाकला जातो आणि दुसऱ्याला नसलेला चिकटतो.

जिथं नागरिकत्व खरंच दुहेरी असतं, तिथंही हक्क पुरे असतीलच असं नाही. ऑस्ट्रेलियात दुहेरी नागरिक मत देतो, पण संसदेला उभा राहू शकत नाही. २०१७ मध्ये तिथले उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांचं सदस्यत्व न्यूझीलंडच्या नागरिकत्वापायी गेलं, आणि ते नागरिकत्व त्यांना वडिलांकडून आलेलं होतं. म्हणून 'मताधिकार' आणि 'उमेदवारीचा हक्क' हे दोन शब्द लिहिताना वेगळे ठेवावेत.

राहिलं यादीतलं नाव. त्याला 'वगळायचं राहिलेलं नाव' म्हणा. गावाकडं आपण 'नाव कमी करणं' म्हणतो, त्यासाठी नमुना ७ भरायचा. तोवर त्या नावावर पुतण्यानं मत देऊ नये, एवढं त्याला घरातूनच सांगा.