राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी काय लिहावं

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्या अधिकाऱ्याच्या राजीनाम्याची बातमी येताच कचेरीबाहेर फटाके वाजले, चौकात पेढे वाटले गेले आणि संपादकांनी तुला लोकांच्या प्रतिक्रिया गोळा करून पानभर मजकूर द्यायला सांगितलं आहे. तू विचारतेस, एवढा आनंद डोळ्यांसमोर असताना मी प्रश्न विचारत बसले तर लोक मला त्या माणसाची बाजू घेणारी समजतील का? काही जण समजतील. ते सोसायची तयारी ठेव. या पेशात ते टळत नाही.

त्या अधिकाऱ्याचं नाव मी इथे घेत नाही. चौकशी चालू आहे आणि त्यातला एकही कागद मी पाहिलेला नाही. त्याऐवजी एका जुन्या राजीनाम्याबद्दल लिहितो. त्यात मुंबई आहे, सातारा आहे, आपला कराडचा माणूस आहे, आणि तरीही आपल्याकडे ती हकिकत निम्मीच सांगितली जाते. उरलेली निम्मी तुझ्या कामाची आहे.

व्ही. के. कृष्ण मेनन 1957 साली संरक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी जानेवारीत संयुक्त राष्ट्रांत काश्मीरच्या प्रश्नावर ते जवळजवळ आठ तास बोलले होते आणि देशाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं. बुद्धी विलक्षण, जीभ अतिशय तिखट. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे दोनच महिन्यांनी उत्तर मुंबईत निवडणूक झाली. समोर आचार्य कृपलानी होते, म्हणजे काँग्रेसचे माजी अध्यक्ष आणि विरोधकांचे तगडे उमेदवार. मेनन सुमारे 1 लाख 45 हजार मतांनी निवडून आले. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागेल.

20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने ईशान्य सीमेवर नामका चू नदीच्या काठी आणि लडाखमध्ये अशा दोन्हीकडे हल्ला केला. आपले जवान सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या .303 रायफली घेऊन त्या उंचीवर उभे होते. हे लोकांना कळलं तेव्हा जो संताप उसळला तो खरा होता. त्या आठवड्यांत बायका अंगावरचं सोनं काढून संरक्षण निधीला देत होत्या. अशा लोकांनी जाब विचारला, तर त्यात गैर काय? काँग्रेसचेच खासदार नेहरूंकडे मेनन यांना काढा म्हणून हट्ट धरून बसले. 31 ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं आणि मेनन यांना संरक्षण उत्पादनाचं मंत्रिपद देऊन मंत्रिमंडळात ठेवलं. त्यानंतर आपण अजून संरक्षण खात्यातच बसतो, अशा अर्थाचं मेनन बोलल्याचं छापून आलं. मग मात्र कोणाचंच काही चाललं नाही. 7 नोव्हेंबरला नेहरूंनी त्यांचा राजीनामा स्वीकारला. देशाला हायसं वाटलं.

आता त्यापुढच्या तारखा बघ. नोव्हेंबरच्या मध्याला ईशान्य सीमेवरचं वालाँग पडलं. 18 तारखेला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत कुमाऊँ रेजिमेंटच्या तुकडीतले जवान जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढून गेले. त्याच सुमारास ईशान्येकडची से ला खिंड सोडावी लागली, पाठोपाठ बोमडिला गेलं, आसामात पळापळ सुरू झाली. 21 नोव्हेंबरला चीनने आपणहून शस्त्रसंधी जाहीर केली तेव्हा कुठे ते थांबलं. सगळ्यात मोठी पडझड मेनन गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत झाली.

असं का व्हावं? कारण माणूस गेला आणि निर्णय जागच्या जागी राहिले. पुरेशी कुमक नसताना सीमेवर पुढे पुढे चौक्या उभारायच्या, हे धोरण 1961 च्या नोव्हेंबरात वरच्या बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीत पंतप्रधान होते, लष्कराचे आणि गुप्तचर खात्याचे प्रमुखही होते. परकीय चलनावरून अर्थखातं आणि संरक्षण खातं यांची ओढाताण कित्येक वर्षांची. ज्या जनरल कौल यांना मेनन यांनी वर आणलं म्हणून ओरड होती, ते लढाईच्या तोंडावर आजारी पडून दिल्लीला आले आणि बरे झाल्यावर ईशान्य सीमेवरचं त्यांचं कोअर, म्हणजे सैन्याची मोठी तुकडी, परत त्यांच्याच हाती दिलं गेलं. मेनन यांच्या राजीनाम्याने यातलं काहीही बदललं नाही. पण सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असल्याने बाकीच्यांना कोणी विचारलंच नाही.

मेनन यांना विनाकारण जावं लागलं, असं मी म्हणत नाही. त्यांनी जायलाच हवं होतं. लष्करी अधिकाऱ्यांना चारचौघांत टाकून बोलणं, बढत्यांत आपली माणसं पुढे करणं, यामुळे 1959 सालीच तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला होता. नेहरूंनी त्यांना तो मागे घ्यायला लावला आणि नंतर संसदेत त्यांचीच कानउघाडणी केली. वेळेवर मिळालेला इशारा तेव्हा असा झटकला गेला. तीन वर्षांनी रक्त सांडल्यावर लोकांनी राजीनामा मिळवला. तुझ्या बातमीतही थिमय्यांसारखं कोणीतरी असेल: दोन-चार वर्षांपूर्वी लेखी तक्रार केलेला कारकून, बदली पत्करलेला अभियंता. फटाके वाजवणाऱ्यांच्या गर्दीत तो बहुतेक नसतो. त्याला शोध. त्याच्या तक्रारीवर तेव्हा कोणी काय शेरा मारला, ही तुझी खरी बातमी आहे.

आता कराडच्या माणसाकडे येतो. नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून बोलावून घेतलं आणि शस्त्रसंधी जाहीर झाली त्याच 21 नोव्हेंबरला त्यांचा शपथविधी झाला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तू शाळेत असल्यापासून ऐकलं असशील. मलाही त्याचा अभिमान आहे, आणि यशवंतरावांनी पुढे सैन्य उभं करण्याचं काम मन लावून केलं. डोंगरी डिव्हिजन उभारल्या, संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली, सेनाप्रमुखांशी दर सकाळी बसून बोलण्याचा पायंडा पाडला. पण आपल्या लोकांच्या आठवणीत ते वाक्य राहिलं आणि त्यानंतरची एक तारीख पुसली गेली. ती म्हणजे 2 सप्टेंबर 1963.

लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली होती. त्यांना काय तपासायला सांगितलं होतं ते नीट वाच: प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची आपल्या माणसांवरची पकड. सगळं सैन्याबद्दल. मंत्रालयात काय ठरलं, मंत्रिमंडळात कोण काय बोललं, हे त्यांच्या कार्यकक्षेतच नव्हतं. ज्यांच्यावर लोक चिडले होते ते राजकीय नेते चौकशीच्या बाहेर आणि ज्यांनी गोळ्या झेलल्या ते आत. त्या 2 सप्टेंबरला यशवंतरावांनी संसदेत चौकशीतून निघालेल्या निष्कर्षांचा गोषवारा सांगितला आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणासाठी अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. तेव्हा ते कारण कदाचित पटण्यासारखं असेल. पण चार दशकांनंतरही, पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात तो मागितला तेव्हा, केंद्रीय माहिती आयोगाने सरकारचंच म्हणणं उचलून धरलं. 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला काही भाग उघड केला, तेवढाच आपण वाचू शकतो. राजीनामा लोकांना अठरा दिवसांत मिळाला. अहवाल अजून मिळालेला नाही.

मला या सगळ्याचा राग येतो, आणि तो तुलाही यावा असं वाटतं. राजीनामा मिळाला की लोक घरी जातात. सरकारलाही ते ठाऊक असतं. म्हणून पुष्कळदा राजीनामा लवकर मिळतो आणि कागद उशिरा, किंवा कधीच नाही.

तर आता तुझं काम. ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न विचारू नकोस. त्याला ‘बरं झालं’ आणि ‘वाईट झालं’ अशी दोनच उत्तरं येतात, आणि त्यांनी पान भरलं तरी कोणाला काही कळत नाही. ‘तुमचं कोणतं काम अडलं होतं आणि ते आता कोणाच्या टेबलावर आहे?’ असं विचार. पेढे वाटणाऱ्यालाही हेच विचार. तो क्षणभर थांबेल आणि मग खरं सांगू लागेल: कुठल्या प्लॉटचं प्रकरण, कुठली फाइल, किती महिने. ज्यांना त्या अधिकाऱ्याच्या काळात फायदा झाला तेही आज गप्प असतील, नाहीतर सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत असतील. दोघांच्याही दाराशी जा.

शब्द जपून वापर. मंत्र्याचा राजीनामा आणि सरकारी अधिकाऱ्याचा राजीनामा यांत फरक आहे. अधिकाऱ्याने राजीनामा ‘दिला’ म्हणजे तो सुटला असं होत नाही. सक्षम अधिकाऱ्याने तो स्वीकारावा लागतो, आणि विभागीय चौकशी चालू असेल तर तो अडवूनही ठेवता येतो. राजीनामा आहे की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, हेही विचार. साधारणपणे राजीनाम्यात मागच्या सेवेवरचा निवृत्तिवेतनाचा हक्क जातो, स्वेच्छानिवृत्तीत तो राहतो. लोक ज्याला शिक्षा समजून नाचत आहेत ती प्रत्यक्षात सुखरूप सुटका आहे का, हे या एका तपशिलावरून कळेल. मंजुरीच्या आदेशाची प्रत मिळाल्याशिवाय ‘पायउतार’ हा शब्द छापू नकोस.

आणखी एक, हे थोडं वेगळं आहे. गेलेल्या माणसावर सगळं लोटायची घाई फार असते. उत्तर मुंबईचा आकडा लक्षात ठेवायला सांगितलं होतं, तो यासाठी. ज्या मुंबईने मेनन यांना तेवढ्या मतांनी निवडून दिलं, त्याच मुंबईत 1967 साली काँग्रेसने त्यांना तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले आणि पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणाऱ्या स. गो. बर्वे यांच्याकडून सुमारे 13 हजार मतांनी हरले. बर्वे लगेच वारले, पोटनिवडणूक झाली, तिथेही मेनन हरले. पुढे मिदनापूर आणि त्रिवेंद्रमच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. आणि साताऱ्याला जी सैनिक शाळा आहे, 1961 च्या जूनमध्ये सुरू झालेली देशातली पहिली, ती योजना मेनन यांच्याच खात्याची. तिथून शिकून सैन्यात गेलेल्या मुलांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. तुझ्या त्या अधिकाऱ्याने केलेलं एखादं चांगलं काम सापडलं तर तेही लिही, दोन ओळीच का होईना. त्याने त्याचा दोष कमी होत नाही, आणि उद्या त्याच्या जागी येणारा ते काम बंद पाडायला निघाला तर तुझ्या दोन ओळी कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

चौकशी समिती नेमल्याचं तू लिहिलं आहेस. तिच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत माग. कार्यकक्षेत फक्त खालचे कर्मचारी आहेत की ज्यांनी सह्या केल्या तेही, एवढं बघ. अहवाल द्यायची तारीख त्यात असेल, ती डायरीत लिहून ठेव आणि त्या दिवशी, तेव्हा गावात दुसरा कुठलाही गोंधळ चालू असला तरी, जाऊन अहवाल माग. नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. उत्तरासाठी त्यांना तीस दिवस आहेत. नकार दिला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी घे आणि पहिलं अपील लगेच कर.

मसुदा रविवारपर्यंत पाठव. प्रतिक्रियांचा भाग लहान झाला तरी चालेल, संपादकांशी मी बोलतो. आदेशाची प्रत मिळाली तर तीही जोड. वाचून, खुणा करून मंगळवारच्या टपालाने परत पाठवतो.