झोपेत गेलेलं बाळ, मर्ग आणि पोस्टमॉर्टेम

प्रश्न : आमच्या शेजारचं चार महिन्यांचं बाळ रात्री दूध पिऊन झोपलं ते सकाळी उठलंच नाही. डॉक्टरांनी सर्टिफिकेट द्यायला नकार देऊन पोलिसांना कळवलं. घरचे पोस्टमॉर्टेमला तयार नव्हते. कुटुंबाला नाही म्हणता येतं का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : पोलिसांनी मर्ग (अकस्मात मृत्यूची पोलीस नोंद) कायम करून शव तपासणीला पाठवायचं ठरवलं, तर नाही म्हणता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे (१ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४) मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असली की तो निर्णय पोलिसांचा, संमतीचा प्रश्न येत नाही. लहान मुलांच्या अचानक मृत्यूसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. गळफास आणि अपघातासाठी जे कलम, तेच पाळण्यातल्या बाळाला लागतं. त्यामुळे बाळाच्या बाबतीत काय खास पाहायचं हे कायदा सांगत नाही, आणि पुष्कळ गोष्टी पाहायच्या राहून जातात.

डॉक्टरांचा नकार योग्यच. कारण ठाऊक नसताना ‘हृदयक्रिया बंद’ असं लिहून देणारेही भेटतात, पण हृदयक्रिया मरणाऱ्या प्रत्येकाची बंद पडते.

ठाणेदार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवतो, घरी येतो आणि परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित पंचांसमोर पंचनामा करतो. अहवाल २४ तासांत एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा कलेक्टरकडे जायला हवा. कलम १९५ प्रमाणे स्त्रियांना, तसंच ६० वर्षांवरील पुरुषांना राहत्या जागेबाहेर यायची सक्ती करता येत नाही. म्हणजे आईचा किंवा आजोबांचा जबाब घरीच घ्यावा, असं ठामपणे सांगा.

सर्वांत मोठं नुकसान पोलीस येण्याआधी होतं. नातलग बायका अंथरूण गोळा करून भिजत घालतात, बाटली धुऊन ठेवतात. गादी, उशी, दुलई, दुधाची बाटली, बाळघुटी, खोकल्याचं सिरप, सगळं होतं तिथंच राहू द्या आणि फोटो काढा. बाळ उताणं होतं की पालथं, तोंडावर काही होतं का, शेजारी कोण झोपलं होतं, शेवटचं दूध किती वाजता, हे लगेच लिहून ठेवा. गुदमरून गेलेल्या आणि कारण न सापडता गेलेल्या बाळाच्या शवात बरेचदा काहीच फरक दिसत नाही. फरक कळलाच तर जागेवरून कळतो. पाठीवरचे किंवा गालावरचे जांभळट डाग पाहून मारहाणीचा संशय घेतला जातो. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साकळूनही असे डाग पडतात.

तपासणीत संपूर्ण शरीराचा एक्सरे आणि फुप्फुस, हृदय, मेंदू यांच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे द्या. सूक्ष्मदर्शकासाठीचे तुकडे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. रासायनिक तपासणीचा व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) मात्र मिठाच्या संपृक्त द्रावणात हवा. तोही फॉर्मेलिनमध्ये गेला तर बरीच विषं शोधणं अवघड होतं. दिलेल्या औषधांची यादी बाटल्यांसह द्या. २०२५ मध्ये छिंदवाड्यात ज्या सिरपने मुलं दगावली, त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन निघालं होतं. बाळ शांत झोपावं म्हणून कुणी अफू चाटवली असेल तर तेही सांगावं. तपासणीत ती सापडू शकते, आणि लपवल्याचा अर्थ वाईट निघतो.

आपल्यात तान्ह्या बाळाला पुरतात, तेव्हा पुरलं की विषय संपला असं समजू नका. कलम १९६ खाली दंडाधिकारी शव उकरून तपासायला लावू शकतात.

प्रश्न : बहीण इंग्लंडमध्ये असते. तिचं तान्हं बाळ असंच गेलं, आणि प्रकरण कोरोनरकडे आहे. हा फौजदारी खटला आहे का? (तिलकनगर, इंदूर)

उत्तर : नाही. कोरोनर हा अकस्मात मृत्यूची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी. मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होतं. ते मुंबई, कलकत्त्यासारख्या इलाखा शहरांपुरतंच होतं, त्यामुळे इंदुरात कधी आलंच नाही. इंग्लंडच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे कारण अज्ञात असेल तर कोरोनरला चौकशी करावीच लागते, संमती तिथंही विचारत नाहीत. कोण, कधी, कुठं आणि कसं गेलं एवढंच तो ठरवतो. कुणा व्यक्तीवर गुन्ह्याचा ठपका ठेवायला त्याला कायद्यानंच मनाई आहे. सुनावणी शक्यतो सहा महिन्यांत संपवायची असते. तोवर मृत्यूचा अंतरिम दाखला मिळतो.

पोलीस आणि बालरोगतज्ज्ञ दोघे मिळून घरी आले, तर बहिणीने घाबरू नये. तिथल्या सॅली क्लार्क या आईला दोन मुलांच्या खुनासाठी १९९९ मध्ये शिक्षा झाली आणि २००३ मध्ये ती रद्द झाली. त्यानंतर २००४ मध्ये ही संयुक्त पद्धत आखली गेली. तपासणीसाठी काढलेल्या ऊतींचं पुढं काय करायचं ते आईवडिलांना विचारतात, उत्तर लेखी द्यावं. बाळाला भारतात आणायचं तर कोरोनरला आधी कळवून परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : लस दिल्यानंतर दोन दिवसांत बाळ गेलं तर? (राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : आशाताई, एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) किंवा जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवा, लसीकरण कार्डावरचा बॅच क्रमांक जपा आणि पोस्टमॉर्टेम टाळू नका. लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात, आणि कारण न सापडणारे मृत्यूही दोन ते चार महिन्यांतच सर्वाधिक होतात. त्यामुळे दोन्ही गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून लसीनेच झालं असं ठरत नाही.

प्रश्न : मृत्यूची नोंद पोस्टमॉर्टेमचा अंतिम अहवाल येईपर्यंत थांबवावी का? (इंदूर)

उत्तर : नको. नोंदीची मुदत २१ दिवस आहे, आणि व्हिसेराच्या अहवालाला महिने लागू शकतात. बाळाचा जन्मच नोंदवलेला नसेल तर आधी जन्माची नोंद करा, मग मृत्यूची.