लाइट लागतो पण कोड जात नाही

प्रश्न: दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हीएस कोड (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात प्लॅटफॉर्मआयओ (बोर्डात कोड टाकायचं एक्स्टेंशन) पण टाकलं, ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) बोर्ड कॉम्प्युटरला लावला की त्याचा लाल लाइट लागतो पण कोड काही जात नाही, पोर्टच सापडत नाही म्हणतं. बोर्ड उडाला का?

उत्तर: अरे नसेल उडाला, आधी केबल बदल! पॉवर बँकेसोबत येते तसल्या केबलीत बऱ्याचदा डेटाच्या तारा नसतातच, नुसता करंट जातो, म्हणून लाइट लागतो आणि आपण गंडतो (माझा अख्खा रविवार गेलाय यात). तरी पोर्ट नाही दिसला तर बोर्डावर यूएसबीजवळची छोटी चिप बघ (तीच बोर्ड नि कॉम्प्युटरचं बोलणं जुळवते), सीपी२१०२ आहे का सीएच३४०, विंडोजवर त्याचा ड्रायव्हर टाक आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट आला का बघ.

मग अपलोडच्या वेळी 'कनेक्टिंग' लिहून नुसते ठिपके येत राहिले तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धर, टक्के दिसायला लागले की सोड. पहिल्या बिल्डला (म्हणजे कोड बोर्डासाठी तयार करायला) लय वेळ लागतो कारण कंपायलर वगैरे सगळं तेव्हाच डाउनलोड होतं, मोबाइल डेटावर नको करूस. आणि सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाकडून येणारा मजकूर दिसतो ती खिडकी) कायच्या काय अक्षरं दिसली तर मॉनिटरचा स्पीड मुळात ९६०० असतो नि तुझ्या कोडात बहुतेक ११५२०० असणार, प्रोजेक्टच्या आयएनआय फाइलमध्ये (सेटिंगची फाइल) मॉनिटर स्पीड तेवढाच कर.