बुरशीवरचे औषध आणि टॅक्रोलिमसची मात्रा

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी वडिलांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. आता फुफ्फुसात ॲस्परजिलस बुरशीचा संसर्ग आढळल्याने व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले असून टॅक्रोलिमसची (शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची) मात्रा एक-तृतीयांश केली आहे. यामुळे शरीर नवे मूत्रपिंड नाकारणार नाही ना?

उत्तर : मात्रा घटली म्हणजे औषधाचा परिणाम घटला, असे येथे होत नाही. टॅक्रोलिमसचे विघटन यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होते, त्यालाच व्होरिकोनाझोल रोखते; त्यामुळे पूर्वीचीच मात्रा चालू ठेवली असती, तर रक्तातील पातळी अनेक पटींनी वाढून ज्या मूत्रपिंडाची आपल्याला काळजी वाटते त्यालाच इजा झाली असती. म्हणूनच दोन्ही औषधांची रक्तातील पातळी वारंवार तपासतात. व्होरिकोनाझोल थांबवताना टॅक्रोलिमसची मात्रा पुन्हा वाढवावी लागते, आणि माझ्या मते खरी जोखीम आहे ती या वळणावर, कारण तेव्हा रुग्णाला बरे वाटत असते व तपासण्या लांबणीवर पडतात.

बुरशीवरचे उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतात. सीटी स्कॅनमधील सुधारणा पाहून मुदत ठरते. व्होरिकोनाझोलमुळे दृष्टीत तात्पुरता फरक जाणवू शकतो, उन्हाने त्वचा भाजू शकते, यकृताच्या तपासण्याही आवश्यक असतात. म्युकर बुरशीवर मात्र हे औषध चालत नाही. तेथे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन लागते, म्हणून बुरशीची नेमकी ओळख पटणे महत्त्वाचे असते. खोकल्यातून रक्त पडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.