जर्नलमधली तिसरी ऑर्डर आणि मार्कलिस्टवरचं 'एबी'

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. एफवायचा (बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा) दुसरा सेमिस्टर, इलेक्ट्रिसिटी-वेव्ह्ज-ऑप्टिक्सचा पेपर, दहावीपर्यंत मराठी माध्यम, थिअरीत केटी, आणि प्रॅक्टिकल दिलेलं असूनही मार्कलिस्टवर 'एबी', म्हणजे ॲबसेंट. वर घरचे म्हणतात फिजिक्स सोड, बीए कर. नाव तेवढं बदललं तर ही माझीच कुंडली आहे. (अगंतुगं करतेय, राग मानू नकोस, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.)

आधीच सांगते, मी प्राध्यापक नाही. कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी करते, म्हणजे लोकांची मोजमापाची उपकरणं खरं बोलतात की नाही ते तपासते. माझं एफवाय २०११-१२ चं. नवीन शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटचा हिशेब बदललाय, तो तुझ्या कॉलेजातच विचार. ओहमचा नियम, किरचॉफ, लेन्सचं सूत्र, व्होल्टमीटर कुठे जोडायचा, हे सगळं तुला येतं असं धरून लिहितेय.

तू विचारलंयस, 'थिअरी कशी काढू?' मला विचारशील तर थिअरी हा तुझा छोटा प्रश्न आहे. मोठा प्रश्न जर्नलचा, म्हणजे प्रयोगांच्या नोंदवहीचा, तो तू शेवटी कंसात टाकलायस: 'जर्नल शेवटच्या आठवड्यात पूर्ण केलं, सगळेच करतात.' हो, सगळेच करतात. मीही केलं, आणि त्याची किंमत दोनदा मोजली.

पहिल्यांदा व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत. ग्रेटिंगचा (अगदी जवळजवळ समांतर रेषा आखलेल्या काचेचा) प्रयोग होता, सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची. वर्षभरात त्या स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे प्रकाशाचा कोन मोजायच्या दुर्बिणीला, मी एकदाच डोळा लावला होता, तोही ग्रुपमधल्या मुलानं सगळं सेट करून दिल्यावर. रीडिंग्ज उतरवली एका सीनियर ताईच्या जर्नलवरून. तिचं अक्षर सुंदर होतं, शेरा 'व्हेरी गुड' होता, मग काय हवं? तिच्याकडे तीन ऑर्डर्स (मधल्या रेघेपासून एकापुढे एक दिसणाऱ्या पिवळ्या रेघा) होत्या: ६ अंश ४० मिनिटं, १३ अंश २५ मिनिटं, २० अंश २२ मिनिटं. उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम, म्हणजे ५८९.३ नॅनोमीटर. मी जसंच्या तसं उतरवलं. फक्त साहित्याच्या यादीत 'ग्रेटिंग, १५,००० रेषा प्रति इंच' असं लिहिलं, कारण आमच्या टेबलावरच्या ग्रेटिंगवर तेवढंच छापलेलं होतं.

एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, पान उघडलं, दोन मिनिटं नुसतं बघितलं, आणि म्हणाले, "तिसरी ऑर्डर दाखव बरं."

मी दुर्बीण फिरवायला लागले. पहिली पिवळी रेघ २० अंशांच्या थोडं पुढे मिळाली. तिथेच पोटात गोळा यायला हवा होता, पण मला काही कळलंच नाही. दुसरी मिळाली ४४ अंशांच्या आसपास. मग मी दुर्बीण सरकवतेय, सरकवतेय, ती जवळजवळ काटकोनात गेली, आणि सर हातावर हात ठेवून शांत उभे. लॅबमधले मामा मागून हळूच म्हणाले, "पोरी, ती नाय दिसायची." मामांना माहीत होतं, मला नव्हतं.

गणित तूच करून बघ. एका इंचात १५,००० रेषा, म्हणजे दोन रेषांमधलं अंतर २.५४ सेंटिमीटर भागिले १५,०००, साधारण १६९३ नॅनोमीटर. सोडियमची तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर. ऑर्डर गुणिले तरंगलांबी, भागिले हे अंतर, म्हणजे कोनाचा साइन. पहिल्या ऑर्डरला साइन थीटा येतो ०.३४८, दुसऱ्या ऑर्डरला ०.६९६, तिसऱ्याला १.०४४. साइन एकाच्या वर जात नाही, म्हणून त्या ग्रेटिंगला सोडियमची तिसरी ऑर्डर नसतेच. ताईच्या वर्षी ५,००० रेषांचं ग्रेटिंग होतं, ते पुढे फुटलं आणि नवं आलं. गंमत म्हणजे तिच्या ग्रेटिंगची तिसरी ऑर्डर आणि माझ्या ग्रेटिंगची पहिली ऑर्डर एकाच कोनावर, २० अंश २२ मिनिटांवर. ते प्रत्यक्ष पाहून हे का ते मला उमगलं असतं, तर ऑप्टिक्स निम्मं तिथेच झालं असतं. पण मी उभी होते लाल कान करून.

सरांनी नापास केलं नाही. काठावरचे मार्क दिले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी चूक तरी स्वतःची कर." ठीक आहे, ऐकून घेतलं.

दुसरी किंमत मोठी होती. निकाल लागला तेव्हा प्रॅक्टिकलपुढे 'एबी'. म्हणजे मी हजरच नव्हते! कान लाल झाले होते ते कुणाचे मग? कॉलेज म्हणालं आम्ही मार्क पाठवलेत. परीक्षा विभाग म्हणाला आले नाहीत, कॉलेजचं पत्र आणा. पत्र नेलं तर म्हणे यावर जावक क्रमांक नाही. तो घालून नेलं तर म्हणे साहेब रजेवर. आमच्या गावाहून एसटीनं चार तास जायला, चार तास यायला, आणि खिडकी जेवणाच्या सुट्टीला बरोबर वेळेवर बंद व्हायची, उघडायची मात्र साहेबांच्या मर्जीनं. तिथल्या बाकावर बसून मी आख्खं वेव्ह मोशन पाठ केलंय, खोटं नाही सांगत. कुठलं विद्यापीठ ते लिहीत नाही, उगाच नको. आणि तिथेही एक बाई होत्या, ज्यांनी मला स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी दिली, त्यामुळे सगळ्यांना एका मापानं मोजत नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला प्रश्न आला: "तू परीक्षेला हजर होतीस, निदान प्रयोग केले होतेस, याला पुरावा काय?" मी मोठ्या दिमाखात सर्टिफाइड जर्नल पुढे केलं. त्यांनी पानं उलटली. आठही प्रयोगांवर सरांच्या सह्या एकाच तारखेच्या, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या. क्लार्क हसला. म्हणाला, "एका दिवसात आठ प्रयोग केलेस होय?" काय बोलणार? जर्नल खरं असतं तर दर आठवड्याची तारीख, रीडिंगखाली त्या दिवशीची सही, सगळं त्यातच असतं. माझा एकुलता एक कागद माझ्याच विरुद्ध साक्ष देत होता.

शेवटी तो म्हणाला, "जा, करून टाकतो." मी विश्वास ठेवला. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली नाही, काही नाही. एसवाय झालं, टीवाय झालं, आणि शेवटचा निकाल लागला तेव्हा माझाच राखून ठेवलेला. कारण पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल 'एबी'. एमएस्सीची ॲडमिशन त्या वर्षी गेली. एक शब्द लेखी घेतला नाही, त्याचं हे आख्खं वर्ष.

सुटलं कसं, ते तुझ्या कामाचं आहे. माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. मी 'मला न्याय द्या' असं लिहिलं नाही. (पहिल्या मसुद्यात दोन पानं तेच होतं, भावानं फाडलं.) मागितली ती एकच गोष्ट: अमुक तारखेच्या, अमुक बॅचच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या हजेरीपत्रकाची प्रत. उत्तराला कायद्यानं ३० दिवस असतात, नाही आलं तर पहिलं अपील. प्रत आली. माझ्या सीट नंबरपुढे माझी सही होती, आणि मार्कांच्या यादीत माझे मार्क खालच्या ओळीतल्या मुलीच्या नावापुढे चढले होते. बाकी काहीच नव्हतं. एक ओळ सरकलेली.

तू थिअरीच्या पेपरच्या मार्कांबद्दलही शंका घेतली आहेस. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका या कायद्याखाली बघता येते, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच ते स्पष्ट केलंय. पण आधी तुमच्याकडची उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायची नेहमीची मुदत बघ, ती थोड्या दिवसांची असते आणि ती चुकली की रिव्हॅल्युएशनही हातचं जातं. मी वकील नाही, नियम बदलतात, स्वतः खात्री कर. पण प्रत्येक कागदावर पोच घे. शिक्का, तारीख, सही. 'करून टाकतो' हे उत्तर नसतं.

आता थिअरीबद्दल थोडं. माझी मतं आहेत, पटली तर घे.

मराठी माध्यमाचा न्यूनगंड सोड, निदान या पेपरपुरता तरी. इंग्रजीत पोटेन्शिअल आणि पोटेन्शिअल एनर्जी ऐकून इंग्रजी माध्यमाची मुलं टीवायपर्यंत गोंधळ घालतात. आपल्याकडे विभव वेगळं आणि स्थितिज ऊर्जा वेगळी, नावातच भानगड मिटलेली. एका वहीत दोन रकाने कर: विभवांतर–पोटेन्शिअल डिफरन्स, धारित्र–कपॅसिटर, व्यतिकरण–इंटरफिअरन्स, विवर्तन–डिफ्रॅक्शन, निस्पंद–नोड. साठ-सत्तर शब्द आहेत सगळे मिळून. मला ही वही करायला दीड वर्ष सुचलं नाही.

वेव्ह्जमध्ये माझी गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. तरंगाचा वेग आणि कणाचा वेग मी एकच समजायचे. आमच्या ज्वारीच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक गेली की लाट बांधापर्यंत जाते, कणसं मात्र जागच्या जागी डोलतात. लाट किती वेगानं गेली हा एक प्रश्न, कणीस किती वेगानं डोललं हा दुसरा. पेपरात दोन्ही विचारतात, आणि मुद्दाम एकाखाली एक विचारतात. (विषय निघालाच म्हणून: तारेतून सुरेल हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पूर्ण पटीतले सूर) निघतात, साध्या ताणलेल्या चामड्यातून निघत नाहीत. तबल्याच्या शाईमुळे ते कसे सुरात येतात, यावर सी. व्ही. रामन यांनी काम केलंय, नोबेलच्या कितीतरी आधी. सोनोमीटरचा कंटाळा आला की हे वाच.)

इलेक्ट्रिसिटीत गाऊसचा नियम पाठ करू नकोस, पृष्ठभाग काढून बघ. बंद पृष्ठभागाबाहेरचा प्रभार एकूण फ्लक्समध्ये (पृष्ठभागातून आरपार जाणाऱ्या क्षेत्राच्या हिशेबात) धरत नाहीत, म्हणून तिथलं विद्युत क्षेत्रही त्याच्यामुळे नसतं, असं मी लिहून आले होते. क्षेत्र सगळ्यांचं मिळून असतं, फ्लक्सच्या हिशेबातून फक्त बाहेरच्यांची वजाबाकी होऊन जाते. सर्किट जोडायला घरी सामान नसेल तर कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' बघ, मोबाइलवर चालतं, फुकट आहे आणि बरंचसं मराठीतही आहे. तिथे वायर जाळ. लॅबमधला मल्टिमीटर जाळू नकोस, अँपिअरवर ठेवून बॅटरीला सरळ जोडला की फ्यूज गेलाच म्हणून समज. हे कसं माहीत, ते विचारू नकोस.

आणि ऑप्टिक्समध्ये तुझ्या पेपरातला जो प्रश्न लिहायचा राहिला, 'न्यूटन्स रिंग्जचा (सपाट काचेवर ठेवलेल्या भिंगाखाली दिसणाऱ्या वलयांचा) मध्य काळा का?', तो माझ्याही पेपरात होता. मी डेरिव्हेशन दोन पानं लिहून आले आणि या एका ओळीला शून्य. हवेतून काचेवर आपटून परत फिरणाऱ्या किरणात अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो, काचेतून हवेच्या सीमेवर परतणाऱ्यात पडत नाही. मध्यावर भिंग आणि काच टेकलेली, हवेची जाडी शून्य, मग उरतो फक्त तो अर्ध्याचा फरक. म्हणून काळा. मायक्रोस्कोपमध्ये स्वतः बघितलं असतं आणि मध्य पांढुरका दिसला असता, तर काचेवर धूळ आहे हेसुद्धा कळलं असतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला एवढं कर. साधी रफ वही ने. रीडिंग पेनानं लिही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवं लिही, खोडू नकोस. टेबल नंबर आणि ग्रेटिंगवरचा आकडा लिही. सोडियम लॅम्पला तापायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात दोन्ही व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) काढ. मायक्रोस्कोपचा स्क्रू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दिशेनं फिरव, मध्येच उलटा फिरवलास की बॅकलॅश (स्क्रूच्या सैलपणामुळे येणारी चूक) येतो. आणि निघायच्या आधी रफ वहीवर त्या दिवशीची सही घे. सर वैतागतील, वैतागू देत.

हां, ते विसरलेच. तू लिहिलंयस की न्यूटन्स रिंग्जचं तुझं उत्तर १४८० अँगस्ट्रॉम आलं, सर म्हणाले साफ चूक, आणि तिथून तुला वाटायला लागलं की हे आपल्याला जमणारच नाही. सूत्रात वलयाच्या व्यासाचा वर्ग असतो, तू त्रिज्येचा घातलायस. १४८० ला चारनं गुण. ५९२० येतं, खऱ्या उत्तरापासून अर्धा टक्कासुद्धा लांब नाही. ही रीडिंग्ज तू स्वतः घेतली होतीस ना?